जात्याशेजारी बंद पडणारा रेकॉर्डर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडे, जिथून रस्ता कणकुंबीकडे आणि पुढे चोर्ला घाटाकडे जातो, त्या भागातील एका वाडीत मी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यासाठी अधूनमधून जातो. शाळेची नोकरी सांभाळून रविवारी करण्याचे हे काम असल्यामुळे साधनेही बेताचीच आहेत : हातात मावणारा एक रेकॉर्डर, त्याला जोडायचा एक कंडेन्सर मायक्रोफोन, हेडफोन आणि पिशवीभर पेन्सिल सेल. या रेकॉर्डरने गेल्या सुगीनंतर मला जवळजवळ दोन महिने छळले, आणि दोष नेमका कुठे आहे याविषयीचे माझे मत त्या काळात तीनदा बदलावे लागले.

पहिल्यांदा तो बंद पडला तेव्हा मला ते कळलेही नाही. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नाचणी दळत होत्या आणि मी जात्यापासून हातभर अंतरावर, सारवलेल्या जमिनीवरच रेकॉर्डर ठेवला होता. माहेरची वाट, वाटेवरचे आंबे, मग भावाचे येणे, असा ओव्यांचा ओघ लागला होता. हेडफोन मी गळ्यात सोडून दिला होता, कारण ओव्या सरळ कानांनी ऐकण्याचा मोह आवरला नाही. आजींनी जात्यात वैरण घालण्यासाठी हात थांबवला, माझ्या बाजूला पाहिले आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचं मशीन झोपलं की." पडदा काळा पडला होता. बटण दाबल्यावर यंत्र निमूटपणे सुरू झाले आणि सेल भरलेले असल्याचे चिन्ह दाखवू लागले.

अशा वेळी मनुष्य पहिला आळ सेलवर घेतो आणि मीही तोच घेतला. माझ्याकडचे सेल चार्ज करून वापरण्याचे, निकेल मेटल हायड्राइड जातीचे होते. ते जुने झाले असतील असे समजून मी पिशवीतले नवे कोरे अल्कलाइन सेल घातले. त्या दिवशी पुढची वीस मिनिटे सर्व ठीक चालले, माझा निष्कर्ष पक्का झाला, आणि मग जाते पुन्हा घरघरू लागल्यावर यंत्र पुन्हा बंद पडले. नव्या अल्कलाइन सेलने मला काही काळ फसवले, याचे कारण पुढे समजले. असा सेल नवा असताना १.५ नव्हे तर १.६ व्होल्टच्या आसपास दाब देतो, म्हणजे दोन सेल मिळून ३.२ व्होल्ट होतात. चार्जेबल सेलचा नाममात्र दाब १.२ व्होल्ट, म्हणजे दोहोंचा २.४. वाटेत कुठे गळती होत असेल तर ३.२ मधून ती सहज खपून जाते, परंतु २.४ मधून तेवढीच वजा झाली की यंत्राच्या किमान गरजेच्या खाली उतरायला फारसे अंतर उरत नाही. सेल बदलल्याने दोष गेला नव्हता, त्याच्यावर पांघरूण पडले होते.

घरी आल्यावर कार्डावरच्या फाइली पाहिल्या, आणि खरे तर पहिला भक्कम पुरावा तिथेच होता, जो मी आठवडाभर नजरेआड केला. सेल खरोखर उतरतात तेव्हा माझा रेकॉर्डर आधी इशारा देतो, चालू असलेली फाइल नीट बंद करतो आणि मगच मिटतो. इथे तसे काहीच झाले नव्हते. दोन फाइलींपैकी एकीचा आकार शून्य बाइट दिसत होता. दुसरीचा आकार दिसत होता, पण कोणताही प्लेअर ती उघडायला तयार नव्हता. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या वेव्ह या फाइलप्रकारात सुरुवातीलाच पुढे किती ध्वनी भरला आहे याचा आकडा लिहिलेला असतो, आणि पुष्कळ रेकॉर्डर तो आकडा मुद्रण थांबवल्यावर भरतात. वीज मध्येच तुटली तर तो भरायचा राहून जातो. ध्वनी कार्डावर असतो, परंतु दारावर पाटी नसते. अशी फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कच्चा डेटा म्हणून आयात करता येते. मी ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असे तपशील भरले. पहिल्या प्रयत्नात कानठळ्या बसतील असा खरखराट ऐकू आला, कारण २४ बिटांचा प्रत्येक नमुना तीन बाइटांचा असतो आणि सुरुवात एका बाइटाने जरी चुकली तरी सगळे आकडे विस्कटतात. आरंभबिंदू एकेक बाइट पुढे सरकवत गेल्यावर आजींचा आवाज मिळाला. (हा प्रयोग करताना हेडफोन कानाला लावू नयेत, हे मी एकदाच शिकलो.) शून्य बाइटांची फाइल मात्र गेली ती गेलीच. ती निघण्याची जी काही शक्यता होती, तीही मी त्याच कार्डावर आणखी मुद्रण करून घालवली होती, आणि भावाच्या ओव्या नेमक्या त्याच फाइलीत होत्या.

आवाज मिळाल्यावर मी शेवटचे पाच सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. आवाज मंदावत नव्हता, विरत नव्हता, सुरीने कापल्यासारखा संपत होता, आणि त्या क्षणी जात्याची घरघर चालू होती. सेलचा दोष असता तर यंत्र विश्रांतीच्या वेळीही कधीतरी बंद पडायला हवे होते. म्हणून मी ते बेळगावच्या घरी टेबलावर ठेवून दोन तास मुद्रणावर सोडले. ते दोन्ही तास विनातक्रार चालले. मग मी आमच्या घरातले छोटे जाते, जे एरवी लग्नकार्यात हळद दळण्यापुरते बाहेर निघते, ते माजघरात मांडले आणि रेकॉर्डर त्याच्या शेजारी फरशीवर ठेवला. रिकामे जाते फिरवू नये असा आईचा दंडक असल्यामुळे प्रयोगासाठी दोन वाट्या तांदूळ दळावे लागले. चौथ्या मिनिटाला रेकॉर्डर बंद पडला. तोच रेकॉर्डर घडी घातलेल्या वाकळेवर ठेवला तर तांदूळ संपेपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना घावन मिळाले आणि मला दोषाची जात कळली. कुठलातरी जोड सैल होता आणि हादऱ्याने क्षणभर सुटत होता.

दोन सेल असलेल्या यंत्रात असे जोड किती असतात, हे त्यापूर्वी मी कधी मोजले नव्हते. प्रत्येक सेलची दोन टोके, म्हणजे स्पर्शाच्या चार जागा झाल्या. सेलच्या घराच्या एका बाजूला एक स्प्रिंग आणि एक सपाट पट्टी स्वतंत्रपणे बसवलेली असते आणि त्या दोघींचे पाय आत सर्किट बोर्डाला सोल्डर केलेले असतात, तर दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि पट्टी एकाच पत्र्याने जोडलेल्या असतात. चार स्पर्श आणि दोन सोल्डर मिळून सहा जागा होतात, आणि सगळ्या एकामागे एक असल्यामुळे त्यांपैकी कोणतीही एक सुटली तरी सगळेच अंधारात जाते.

विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारा मल्टिमीटर घरी होता. सेल बाहेर काढून मोजले तर एक १.३१ आणि दुसरा १.३२ व्होल्ट दाखवत होता, आणि या आकड्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगओहम असतो, त्यामुळे मोजताना त्यातून एक मायक्रोअँपिअरही वीज वाहत नाही. इतक्या क्षीण प्रवाहाला खराब जोडही अडवत नाही. कंठ सुकलेल्या नळालाही थेंब येतोच, बादली भरायला घेतल्यावर त्याची खरी अवस्था कळते. त्यामुळे मोजायचे ते यंत्र मुद्रण करीत असतानाच.

यंत्र नेमका किती प्रवाह ओढते हे पाहण्यासाठी मी एक जुनी युक्ती केली. पोस्टकार्डाची एक अरुंद पट्टी कापली, तिच्या दोन्ही अंगांना वेगवेगळा तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला आणि ती सेल आणि पट्टी यांच्या मध्ये सरकवली. आता वीज एका पत्र्यावरून मीटरमध्ये जाऊन दुसऱ्या पत्र्याने परत येणार. मीटर २०० मिलिअँपिअरच्या घरात ठेवला तेव्हा रेकॉर्डर सुरूच होईना. त्या घरातला मीटरचा स्वतःचा रोध आणि फ्यूज मिळून इतका दाब खात होते की यंत्राला पुरेसे उरत नव्हते. म्हणजे एक ओहमच्या आसपासचा अडथळासुद्धा हे यंत्र सहन करीत नाही, ही माहिती मला फुकटात मिळाली. वायर १० अँपिअरच्या भोकात घातल्यावर मोजणी जमली. अंगच्या मायक्रोफोनवर १८० मिलिअँपिअर, आणि बाहेरच्या कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच त्याला मिळणारी वीज, चालू केली की ३४०.

मग खरी मोजणी सुरू झाली. मीटरची एक सुई सेलच्या धातूच्या टोकाला आणि दुसरी त्याला टेकलेल्या पट्टीला लावायची, यंत्र मुद्रणावर ठेवायचे आणि त्या स्पर्शाच्या जागी किती दाब हरवतो ते मिलिव्होल्टमध्ये वाचायचे. चांगल्या स्पर्शात हा आकडा पाच-दहा-वीसच्या घरात असावा असा माझा अंदाज होता. चारपैकी दोन जागा तशाच निघाल्या. एका स्प्रिंगवर ७० दिसले, आणि एका सेलच्या धन टोकाशी तब्बल १३०, तेही स्थिर नव्हे तर बोटाने टिचकी मारली की उडी घेणारे. ०.१३ व्होल्टला ०.३४ अँपिअरने भागले तर जवळजवळ ०.३८ ओहम होतात. ऐकायला हा रोध क्षुल्लक वाटतो. परंतु रेकॉर्डरच्या आत दाब वाढवून स्थिर ठेवणारे सर्किट असते आणि त्याला शक्ती ठरलेली लागते. दाब कमी मिळाला तर ते प्रवाह जास्त ओढते. २.४ व्होल्टवर ३४० मिलिअँपिअर घेणारे यंत्र २ व्होल्टवर ४०० पेक्षा जास्त मागते, जास्त प्रवाहामुळे खराब जोडावर आणखी दाब हरवतो, आणि एकदा घसरण सुरू झाली की ती थांबत नाही.

धन टोकाचे कारण शोधायला मीटरपेक्षा मुलीचे मार्कर पेन जास्त कामाला आले. पट्टीवर निळ्या शाईचा पातळ थर दिला, वाळू दिला, सेल बसवला, दोनदा फिरवला आणि काढून पाहिले. सेलच्या टोकावरचे बोंड पट्टीच्या मधोमध घासले गेले असते तर तिथली शाई निघायला हवी होती. तिथे शाई जशीच्या तशी होती, आणि केवळ वरच्या कडेला केसाएवढी एक चकाकणारी रेघ उमटली होती. सेल उलटा बसला तरी यंत्राला इजा होऊ नये म्हणून त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कंगोरे ठेवलेले असतात. उलट बाजूचे सपाट बूड कंगोऱ्यांवर अडते आणि पट्टीपर्यंत पोहोचत नाही. योजना चांगली आहे, पण ती बोंड पुरेसे उंच आहे असे गृहीत धरते. पेन्सिल सेलच्या मापात बोंडाची उंची किमान १ मिलिमीटर असावी असा संकेत आहे. माझ्या चार्जेबल सेलांपैकी दोघांचे बोंड अल्कलाइन सेलच्या मानाने स्पष्टपणे बसके होते आणि ते कंगोऱ्यांच्या मध्ये जेमतेम टेकत होते. लांबीतही असाच फरक असतो. मापाप्रमाणे हा सेल ५०.५ मिलिमीटरपेक्षा लांब असू शकत नाही, पण त्याहून किंचित आखूड असण्याची मुभा असते, आणि ती उणीव स्प्रिंगने भरून काढायची असते. उंच बोंडाचे दुसरे सेल घेतले, पट्टी बांबूच्या काडीने अगदी किंचित पुढे ओढली, आणि १३० चे १५ मिलिव्होल्ट झाले. पट्टी पकडीने ओढू नये. ती एकदा दुमडली की तिचा ताण संपतो.

राहिली ती ७० मिलिव्होल्टची स्प्रिंग, आणि तिच्या बाबतीत अपराध माझाच होता. आमच्याकडे पावसाळ्यात पश्चिमेच्या वाड्यांत जाणे होत नाही. जूनमध्ये रेकॉर्डर कपाटात गेला तो गणपतीनंतर बाहेर आला, आणि आत अल्कलाइन सेल तसेच राहिले होते. सेल फुटलेला नव्हता, पण त्याच्या ऋण टोकाभोवती पांढरी भुकटी दिसली होती, ती मी तेव्हा कापडाने पुसून विषय संपवला होता. अल्कलाइन सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते झिरपून बाहेर आले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पांढऱ्या भुकटीचे रूप घेते. भुकटी पुसली तरी स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आतल्या अंगाला तिचा थर राहतो आणि दमट हवेत तो काम चालूच ठेवतो. हा पदार्थ अल्कली असल्यामुळे त्यावर सौम्य आम्लाची मात्रा चालते. पांढरे व्हिनेगर उत्तम. ते नसल्यामुळे मी लिंबू वापरले आणि नंतर साखरेचा चिकटपणा काढण्यात वेळ घालवला. कापसाची टोकदार वात करून थोडा रस लावला, बारीक फेस आला तो संपेपर्यंत थांबलो, मग बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने पुसले आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. हातमोजे घातले होते. डोळे चोळण्याची सवय असणाऱ्यांनी ते जरूर घालावेत.

इथपर्यंत ठीक होते. नंतर मात्र स्प्रिंग आणखी चकचकीत करण्याच्या हव्यासापायी मी पॉलिश पेपर घेतला. स्प्रिंग पोलादाची असते आणि तिच्यावर निकेलचा अतिशय पातळ मुलामा असतो. गंज आणि मुलामा यांच्यात पॉलिश पेपर भेद करीत नाही. त्या दिवशी मीटरने ८ मिलिव्होल्ट दाखवले आणि मी स्वतःवर खूश झालो. तीन आठवड्यांनी त्याच जागी तांबूस ठिपके दिसले आणि आकडा पुन्हा ४० वर गेला. पेन्सिलीच्या खोडरबराने घासणे तेवढे पुरे असते. ती स्प्रिंग शेवटी बदलावीच लागली.

या मधल्या काळात अनेकांनी एकच सल्ला दिला : चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद दुमडून सेलच्या टोकाशी खुपसावा. एकदा अगदी नाइलाज झाला तेव्हा मीही तसे केले आणि तासभर निभावले. परंतु ॲल्युमिनियम मऊ असते, दाबाखाली चपटे होऊन पुन्हा सैल पडते, त्याच्या पृष्ठावर हवेने तयार होणारा ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही, आणि तुकडा निसटून दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर सेल जागीच तापतात. मैदानात गरज पडलीच तर तांब्याचा छोटा पत्रा बरा, आणि घरी पोहोचताच तो काढून टाकायचा.

पट्टी नीट झाली, स्प्रिंग साफ झाली, चारही स्पर्श वीस मिलिव्होल्टच्या आत आले, आणि पुढच्या रविवारी रेकॉर्डर जात्याशेजारी अकरा मिनिटे चालून पुन्हा बंद पडला. पूर्वी चार मिनिटे चालायचा, आता अकरा. या सुधारणेने मला आनंद होण्याऐवजी भीती वाटली, कारण दोष आता दुर्मीळ झाला होता आणि दुर्मीळ दोष पकडणे फार कठीण असते.

खडेबाजाराच्या बाजूला एका बोळात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर बसतात. हाताखालच्या मुलाशी ते कन्नडमध्ये बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि सर्किटाशी बहुधा मनातल्या मनात तिसऱ्याच भाषेत. मी माझ्या मिलिव्होल्टांची वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती लक्षपूर्वक पाहिली, आणि मग मी सहापैकी चारच जागा मोजल्या आहेत हे एका वाक्यात दाखवून दिले : "सर, बाहेरचं सगळं मोजलंत, आतले पाय कुणी बघायचे?" आत जाण्याचे धैर्य मला नव्हते हे खरे होते. मी मीटरची बीप वाजवून आतला जोड शाबूत असल्याची खात्री करून घेतल्याचे सांगितले, त्यावर ते हसले. "बीप वाजली म्हणजे जोड चांगला, असं न्हवं." पुष्कळ मीटरांची बीप तीस-पन्नास ओहमपर्यंतच्या रोधालाही वाजते, आणि माझे यंत्र एका ओहमलाही कुरकुरत होते. ज्या परीक्षेवर मी विसंबलो होतो ती या दोषासाठी मुळात परीक्षाच नव्हती.

त्यांनी सेल काढून बाजूला ठेवले, मागचे स्क्रू काढून ज्या जागी होते त्याच रचनेत एका कागदावर मांडले आणि डोळ्याला घड्याळजीचे भिंग लावले. मग भिंग माझ्या हाती दिले. पट्टीचा पाय बोर्डाच्या भोकातून वर येतो तिथे सोल्डरचा एक लहानसा डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी, पायाला वेढून, काळी वर्तुळाकार रेघ होती. बांगडी घातल्यासारखी. बांबूच्या काडीने पट्टी आतून दाबली की रेघ मिटायची, सोडली की उघडायची. सेल पुन्हा घालून त्या जोडावर मोजले तेव्हा ९० मिलिव्होल्ट दिसले, आणि दाबल्यावर जवळजवळ शून्य. प्रत्येक वेळी सेल घालताना स्प्रिंगचा जोर त्या पायावर येतो. पायाला आधार देणारे प्लास्टिक थोडे ढिले असले तर सगळा भार सोल्डरवर पडतो, आणि सोल्डर भार पेलण्यासाठी केलेलेच नसते. शिवाय बसक्या बोंडाचे सेल टेकावेत म्हणून गेले कित्येक महिने मी सेल बोटाने दाबून बसवत होतो. त्या दाबाचाही वाटा असणारच.

बोर्डावर थोडी वीज साठवून ठेवणारा एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला तेव्हा मी सवयीने हिशेब केला. वीज सुटल्यावर यंत्राला तो किती वेळ तग धरू देईल? ३४० मिलिअँपिअरच्या भाराखाली दाब ०.३ व्होल्टने उतरायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. जात्याच्या वरच्या तळीचा एक हिसका याच्या कित्येक पट वेळ टिकतो. मग यंत्र बंद पडले यात नवल नाही, एरवी ते चालत कसे होते याचेच नवल.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण ती पाहण्यासारखी होती. त्यांनी जुने सोल्डर तसेच वितळवले नाही. आधी ते पूर्ण शोषून काढले, पाय खरवडून स्वच्छ केला, राळ लावली आणि मग नवे कथील दिले. माझ्याकडची २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री इथे चालली नसती असे त्यांनी सांगितले. पट्टीचा जाड धातू उष्णता पिऊन घेतो, बारीक टोक तापत राहते, वेळ लागतो आणि तेवढ्यात भोवतालचे प्लास्टिक मऊ होऊन पट्टी वाकडी बसते. त्यांनी ६० वॅटची इस्त्री घेतली, जाड टोकाने दोन-तीन सेकंद टेकवली आणि उचलली. पाय निवेपर्यंत कुणी बोललेही नाही. नंतर पट्टी आणि प्लास्टिक यांच्या फटीत सिलिकॉनचे दोन थेंब दिले, म्हणजे भार सोल्डरवर न येता प्लास्टिकवर जावा. आंबूस वास येणारे सिलिकॉन इथे वापरू नये, ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि तांबे खाते, ही सूचना त्यांनी मी न विचारता दिली. गंजलेल्या स्प्रिंगच्या जागी त्यांच्या डब्यातल्या जुन्या टेपरेकॉर्डरची स्प्रिंग बसली.

जाता जाता त्यांनी माझ्या कॉलर माइकचीही तपासणी केली. त्यात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते आणि तिच्या दोन बटणांपैकी पाकळ्यांचे बटण वापरून वापरून फाकलेले असते. पकडीने पाकळ्या हलकेच आत दाबल्या की काम होते. हा दोष सेलच्या दोषापेक्षा सोपा, कारण तो कडकड असा आवाज करून स्वतःच आपली जागा सांगतो.

एवढी खटपट करण्यापेक्षा पॉवर बँक का लावली नाही, असे कुणी विचारील. लावून पाहिली. ओव्या हलक्या आवाजात म्हटल्या जातात, मायक्रोफोनची पातळी वर ठेवावी लागते, आणि त्या पातळीवर पॉवर बँकेतल्या सर्किटाची बारीक किणकिण आवाजाखाली ऐकू येते. ती नंतर काढता येत नाही असे नव्हे, पण तिच्याबरोबर आवाजातले आणखीही काही जाते. शिवाय यूएसबीची पिन हा सातवा जोड झाला.

पुढच्या खेपेस मी पुन्हा त्याच वाडीत गेलो. रेकॉर्डर या वेळी मुद्दाम वाकळेवर ठेवला नाही, पूर्वीच्याच जागी सारवलेल्या जमिनीवर ठेवला, फँटम पॉवर चालू केली आणि हेडफोन कानाला लावला. पहिली पंधरा मिनिटे मी ओव्यांपेक्षा पडद्यावरचे सेकंद अधिक ऐकले असे म्हणायला हरकत नाही. अकरावे मिनिट गेले तेव्हा आपण श्वास रोखून धरला होता हे लक्षात आले. भावाच्या ओव्या आजींनी पुन्हा म्हटल्या, पण त्या पहिल्यासारख्या नव्हत्या. या खेपेस भाऊ वेगळ्या वाटेने आला आणि आंबे वाटेवर नव्हतेच. पन्नास मिनिटांनी नाचणी संपली, फाइल सुमारे ८६४ एमबीची झाली, आणि आजींनी पाळीतले पीठ कुंच्याने गोळा करता करता विचारले, "आज झोपलं न्हाई व्हय?" मी थांबवण्याचे बटण दाबले, फाइल बंद झाल्याचे पडद्यावर आल्याची खात्री करून घेतली आणि तिथेच, त्यांच्या उंबऱ्यावर बसून, दोन्ही सेल काढून डबीत ठेवले.